वर्षाचं पहिलं पाऊल

फरंगीस गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मोबाइलवरचे सेकंद मोजत होती. दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटं तीस सेकंदांनी सूर्य विषुववृत्त ओलांडणार होता. तोच नवरोज, तोच वर्षारंभ. त्यानंतर घरात जो पहिला शिरेल, त्याच्या पायगुणावर त्या घराचं वर्ष जातं, असं इराणातल्या या यझ्द शहरात सगळेच मानतात.

फरंगीस मानत नव्हती. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आज दिवस-रात्र समान असतात, हेसुद्धा ती कुणाला म्हणू द्यायची नाही. हवेतून येताना प्रकाश वाकतो. आजचा दिवस रात्रीपेक्षा चांगला पाव तास मोठा.

पण तिची सासू, शहरबानू, मानायची. तेवढं पुरेसं होतं.

लग्नाच्या अकराव्या दिवशी तिचा नवरा बहराम ट्रकखाली गेला. "पांढऱ्या पायाची! माझा मुलगा खाल्लास!" म्हणत शहरबानूने तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि गावभर तेच सांगत सुटली. त्यानंतरचे एकोणीस नवरोज फरंगीसने एकटीने काढले. सख्खी धाकटी बहीणसुद्धा दरवर्षी फोनवर चाचरत म्हणायची, "आबजी, तू जरा दोन आठवड्यांनी ये हं. मुलं लहान आहेत."

गेल्या आठवड्यात रोटीच्या रांगेत सदीका भेटली. शहरबानूकडे राबणारी.

"यंदा आमच्याकडे पायगुणाची पोरच नाही," सदीका म्हणाली. "शेजारची यायची, ती इस्फहानला गेली. लेकी-जावई येणार संध्याकाळी. तोवर दार आपलं नुसतं लोटलेलं."

"मला कशाला सांगतेस?"

"सहज. म्हातारीने धास्तीच घेतलीय, खानुम. नवं वर्ष म्हटलं की काटा येतो अंगावर."

"येऊ दे की," फरंगीस म्हणाली आणि आपली रोटी घेऊन निघाली.

घराघरांतल्या टीव्हींवर वर्षारंभाची तोफ धडाडली. गल्लीत कुणी नव्हतं. फरंगीसने दार ढकललं आणि मुद्दाम डावा पाय आत टाकला. अंगण ओलांडून ती थेट आतल्या खोलीत गेली.

शहरबानू खाटेवर होती. पांघरुणाखाली जेमतेम माणूस असावं एवढीच.

"ओळखलंत, खानुमजान?" फरंगीसने विचारलं. "तुमच्या घरात वर्षाचं पहिलं पाऊल माझं. पांढऱ्या पायाचीचं."

ती किंकाळीची वाट पाहत होती. एकोणीस वर्षं तिने ती मनात ऐकली होती.

शहरबानू तिच्या पायांकडे टक लावून बघत राहिली. मग तिचा चेहरा सैलावला.

"किती वाट बघायला लावलीस गं," ती पुटपुटली. "पाच वर्षं पाठीला जखमा घेऊन पडलेय, मरण काही येत नाही. शेवटी सदीकाला म्हटलं, फरंगीसच्या कानावर घाल. एवढं काम तीच करील. ये, पोरी, अजून आत ये."