आभाराची प्रार्थना

सतरंजी अंथरून झाली होती, पोह्यांना फोडणी पडली होती, आणि तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. "ताई, ठेकेदार बदलला. नवा आपली माणसं आणणार हाय. उद्या कंपनीच्या बसला उभारू नका." एवढंच. 'कायम करतो' म्हणणारा माणूस एका दमात बोलून मोकळा झाला.

क्रांतीनं गॅस बंद केला. गेल्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून तिनं साक्ष दिली होती, कागलच्या एमआयडीसीत कायमची नोकरी लागली म्हणून. हातात कागद नव्हता, नुसता शब्द. पण मंडळी तिच्यासाठी केव्हापासून प्रार्थना करत होती, तिला दम निघाला नाही. बायकांनी मिठ्या मारल्या. पाळकसाहेबांनी घरी आभाराची प्रार्थना ठरवून टाकली. ती आज होती.

"काय बोलू नगंस," नवरा, पृथ्वीराज, हळूच म्हणाला. "गाणी हुतील, पोहे खातील, जातील. मागनं सांगू."

"आणि साक्ष?"

तो दार उघडायला गेला. दाराशी चपला जमायला लागल्या होत्या.

बघता बघता खोली भरली. क्रांतीच्या पाठीला ओटा आणि पुढं माणसंच माणसं, मोरीपर्यंत जायलाही वाट उरली नाही. शेजारी टेकलेली, मंडळीतली वर्षाराणी कानाशी आली, पण तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. "आमच्या पोरीचं, अनुजाचं पण बघ की तुझ्या कंपनीत."

क्रांतीनं मान हलवली. हलवली कशाला, तिचं तिलाच कळेना.

गाणी झाली. सगळ्यांनी टाळ्या धरल्या, तिनंही धरल्या. मग पाळकसाहेब हसून म्हणाले, "आता क्रांतीताई साक्ष देतील."

ती उठली. पृथ्वीराज पंख्याकडे बघत बसला.

"देवाचे आभार..." ठरलेली सुरुवात तोंडात आली आणि तिथंच अडकली. "नोकरी गेली. मगाशी फोन आला. तुम्ही सगळी दारात आलेला, कुठल्या तोंडानं सांगणार?" तिला रडू फुटलं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त येत होता.

पाळकसाहेबांनी बायबलातलं आभाराचं वचन काढून ठेवलं होतं, ते दुसरं काहीतरी शोधत पानं उलटायला लागले. वर्षाराणी पदराचं टोक चाळवत राहिली.

कोपऱ्यात झुंबरबाई बसली होती. मंगळवारी बायकांच्या प्रार्थनेत अख्ख्या मंडळीच्या अडचणी तोंडपाठ म्हणायचं काम तिचं. ती म्हणाली, "बस खाली. तुझं नाव प्रार्थनेतनं मी काढलंच न्हवतं."

"म्हंजे?"

"पयला पगार हातात पडल्याबिगर मी कुणाचंच नाव काढत न्हाय. लई बघितलीत असली कायमची कामं."

कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनाही सुटल्यासारखं झालं, त्यांनी बायबल मिटलं. "आता आलोयच तर मागूया," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

क्रांतीनं मिटले नाहीत. ती दाराकडे बघत होती. चपलांचा ढीग उंबऱ्याच्या आत आला होता, आणि झुंबरबाईचा आवाज एकेक नाव घेत पुढं सरकत होता. बाळासोंचा दुखरा गुडघा झाला. मग, नेहमीच्या जागी, क्रांतीची नोकरी आली. आणि तिच्या मागोमाग, आजपासून नवीन, अनुजाची.