विरोधातला एकच हात

पाच हात वर गेले. सहावा टेबलावरच राहिला, आणि तो तिच्या वडिलांचा होता.

ती चर्चच्या मागच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. अर्ध्या तासापूर्वीच तिनं चाचणीचं प्रवचन दिलं होतं. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची ही जुनी रीत. पाळक असतो, पण दर रविवारी तो एकटाच बोलत नाही. पोटापाण्याचा धंदा सांभाळणारी साधी माणसंही व्यासपीठावर उभी राहतात. त्याआधी जुन्या उपदेशकांसमोर एकदा बोलून दाखवायचं. सगळे हात वर गेले तर नाव उपदेशकांच्या तक्त्यात लागतं. एकानं जरी नकार दिला तर वर्षभर थांबायचं.

"कुणी विरोधात?" पाळकांनी ओशाळून विचारलं.

"मी," वडील म्हणाले.

बस चालवणारे काका एरवी बोलायला लागले की शेवटचा थांबा येईपर्यंत थांबत नसत. त्यांचीही दातखीळ बसली. शेवटी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना राहवलं नाही. "अहो, डोळे मिटले तर तुम्हीच बोलताय असं वाटत होतं. आणखी काय हवं तुम्हाला?"

वडिलांनी प्रार्थनेसाठी मान खाली घातली. प्रार्थना झाली, सगळ्यांनी एकमेकांची नजर चुकवली आणि ती, वडील आणि बाहेर थांबलेली आई, तिघं चालत घरी निघाले.

वडील घरं रंगवायचे. भिंत खरवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळं स्वतः. कपाटामागच्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या भिंतीलाही दोन हात द्यायचे. रविवारी ब्रशला शिवायचे नाहीत. दारूच्या दुकानाचं काम चालून आलं तर हात जोडून परत पाठवायचे, मग घरी पंधरा दिवस काम नसलं तरी बेहत्तर. आणि त्यांचं प्रवचन ऐकायला माणसं दुसऱ्या गावांहून यायची. कुलूप, किल्ली, गंजलेला खटका, आतून लावलेली कडी. एवढ्या सामानावर ते माणसाचं अख्खं मन उघडून दाखवायचे. रंगारी असून हा माणूस कायम कुलपांवरच का बोलतो, असं कुणी विचारलं नव्हतं. चांगलं बोलतो ना, मग झालं.

तिला ते सगळं तोंडपाठ होतं. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत दार लावून तिनं महिनाभर सराव केला होता. कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढायचा, तिसऱ्या मुद्द्याआधी कसं खाकरायचं, सगळं तिनं घोटून घेतलं होतं. खरं तर तक्त्यातल्या नावापेक्षा तिला वडिलांच्या तोंडून "छान झालं" ऐकायचं होतं.

घरी आल्यावर आईनं भांडी आपटायला सुरुवात केली. "चारचौघांत पोटच्या पोरीला असं तोंडघशी पाडतं का कुणी?"

"बाबा, कुठे चुकलं तेवढं सांगा," ती म्हणाली.

"कुठेच चुकलं नाही." वडिलांनी बूट काढून भिंतीशी नीट लावले. "परवा कामावरून आलीस आणि जिन्यात बसून रडत होतीस. का गं?"

"ते काही नाही. चार वर्षांची एक मुलगी होती. नऊ दिवस तिनं माझं बोट सोडलं नाही. परवा ती स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं. मला इतका आनंद झाला की रडूच आलं."

"हे का नाही सांगितलंस आज?"

"हे काय प्रवचनात सांगायचं असतं?"

"मग काय, कुलपं सांगायची?"

"तुम्ही सांगताच की. सगळ्यांना आवडतं."

वडील आईकडे बघत राहिले. आईनं हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. तिला बहुधा पुढचं ठाऊक होतं.

"तुझे आजोबा, हिचे वडील, कुलपं दुरुस्त करायचे आणि रविवारी प्रवचन करायचे," ते म्हणाले. "ते गेले त्याच महिन्यात माझी चाचणी होती. मी त्यांचंच प्रवचन केलं. शब्द त्यांचे, थांबणं त्यांचं, खाकरणंसुद्धा त्यांचंच. लोक रडले. म्हणाले, म्हातारा परत आला. एकानंही मला अडवलं नाही."

तिला वडिलांचा राग येत होता, तो कुठे गेला ते तिला कळलं नाही. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "पण बाबा, एकतीस वर्षं माणसं लांबून तुम्हाला ऐकायला येतात."

"तुझ्या आजोबांना ऐकायला येतात, पोरी. माझं प्रवचन अजून मीसुद्धा ऐकलेलं नाही."