युरोपला जाणारी मिरची

युरोपाशी व्यापाराचा करार झाल्याची बातमी आली, तेव्हा ताडकळसच्या परमेश्वरनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. आता त्याच युरोपातून निरोप आला की, तुमच्या वाळल्या मिरचीच्या नमुन्यात फवारणीचं औषध फार निघालं, माल नको. मुंबईच्या बंदरापर्यंत गेलेली पोती टेम्पोतून परत त्याच्याच अंगणात येऊन पडली.

परमेश्वरचं टाळकं सरकलं. चहाच्या हॉटेलात बसून तो दणक्यात सुनावू लागला, "लय नखरे करायलेत हे गोरे! म्हणे, खाणाऱ्याच्या जिवाला अपाय होतो. आरं, मग आमी काय माणसं न्हाईत का? आमाला काय झालंय? न्हाई घेतली तर गेले उडत, आपला बाजार काय ओस पडलाय?"

हॉटेलातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बाजाराच्या दिवशी त्यानं 'युरोपला जाणारी मिरची' अशी पाटी लावून पोती मांडली, तर दुपारपर्यंत निम्मी खपलीसुद्धा. त्याच्याच रानात मिरची तोडायला येणारी सरजाबाई लेकरांच्या कालवणाला म्हणून पिशवीभर घेऊन गेली, तीही मोठ्या हौसेनं.

संध्याकाळी चटणी कुटायला म्हणून त्याच्या बायकोनं, राजेश्रीनं, उरलेल्या पोत्यात हात घातला. तसा परमेश्वर तिच्या अंगावर खेकसला,

 

"येडी झालीस का? त्यातली न्हाई! घरच्या खाण्यापुरता बिनफवारणीचा वाफा ठेवलाय कशाला मग?"