भिंतीवरचा हात

आई लग्न होऊन आली तेव्हा दाराजवळच्या भिंतीवर तिच्या कुंकवाच्या हाताचा ठसा उमटवला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता तो ठसाही पुसट होत चाललाय. "ऊनमुये रंग उडी ऱ्हायना बेटा," पप्पा म्हणाले, म्हणून मी समोर मिरचीचं रिकामं पोतं बांधून सावली केली. तरी बोटं दिसेनाशी होतच राहिली.

परवा शाळेत डोळ्यांना लावायचा तो मोठा व्हीआर चष्मा आला, आणि मी आमच्या कोरीट गावच्या वर्गातून थेट इजिप्तच्या एका सरदाराच्या थडग्यात! साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चित्रं, पण बदकाचं पीसन् पीस कालच रंगवल्यासारखं.

"काढ ना वं, मन्हा नंबर शे," रुचिका मागून ओढत होती.

मी चष्मा सोडलाच नाही. "सर, हे रंग टिकले कसे? सांगा ना, मला खरंच कळायला पाहिजे."

"अंधार, कोरडी हवा," सर म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे इतकी वर्षं कुणाचा हात लागला नाही. माणसांनी हात लावून लावूनच चित्रं पुसली जातात."

 

काल सकाळी शाळेला निघताना, दोन वर्षांत पहिल्यांदा, मी आईच्या हातावर माझा हात ठेवला नाही.