बाहेरचा बाक

"पूर्ण केमो तुम्हीच नको म्हणालात ना, आजी?" नव्या डॉक्टरबाईंनी फाईलमधून मान वर काढली. "तब्येत ठणठणीत होती तेव्हा. बरं व्हायची चांगली शक्यता होती."

मी श्रीरंगकडे पाहिलं. माझा लेक पाण्याच्या बाटलीचं झाकण आवळत राहिला.

पाच महिने हेच चाललं होतं. "आई, तू दमशील, बाहेर बाकावर बस," म्हणत तो एकटाच फाईल घेऊन आत जायचा. बाहेर येऊन सांगायचा, "या वयात लिम्फोमाला केमो देतच नाहीत. गोळ्या पुरेत." आणि मी मूर्ख, बाकावरच्या बायकांना कौतुकाने सांगायचे, माझा मुलगा सगळं बघतो! आज या नव्या बाईंनी पहिल्यांदाच मलाही आत बोलावलं होतं.

"चौऱ्याहत्तरीत तुला सोसलं नसतं गं," तो पुटपुटला.

"मला विचारलंस?"



"आता गाठी पोटातही पसरल्यात," डॉक्टरबाई त्याच्याकडेच बघून म्हणाल्या. "उपचार अजून करता येतील, पण भरवसा पहिल्यासारखा नाही. काय करायचं?"

मी टेबलावरची फाईल माझ्याकडे ओढली.

"श्रीरंग, तू बाहेर बाकावर बस. दमशील."