नव्या मशीनची परीक्षा

जुनं व्हेंटिलेटर सकाळपासून अकराव्यांदा कोकललं.

"मशीनशी भांडून राहिले हे," अंजनाबाई म्हणाल्या. "घरीबी कोणाचं ऐकत नव्हते."

पलंगावर त्यांचे यजमान आनंदराव, कन्हानच्या खाणीतून निवृत्त झालेले. निमोनियामुळे महिनाभर धंतोलीच्या या हॉस्पिटलात, आयसीयूत पडून. गळ्यात बसवलेली छोटी नळी, तिला जोडलेला मशीनचा पाइप. मशीन काढलं तर पाच मिनिटंही टिकणार नाहीत, असं डॉ. ऋषिकेश परवाच म्हणाले होते. तेव्हापासून बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

रीना सिस्टर दर दोन-तीन तासांनी कफ काढायची. त्यासाठी पाइप सोडवला की मशीन बोंबलतं. म्हणून ती तेवढ्यापुरती पाइपाच्या तोंडाला मशीन तपासायची रबरी पिशवी अडकवायची. पिशवी फुगायची, मशीन गप्प बसायचं.

डॉक्टर आज भलतेच खुशीत होते. नवं व्हेंटिलेटर घ्यायचं होतं, आणि तुलना एकाच पेशंटवर करायची हा त्यांचा हट्ट. जुन्याचे दोन तास संपले. दहाला नवं जोडलं.

रीनाने कफ काढला, चादर सारखी केली आणि शेजारच्या पलंगावरून हाक आली तशी धावली.

बारा वाजेपर्यंत नवं मशीन एकदाही ओरडलं नाही. डॉक्टर तर हरखून गेले. रक्तातला ऑक्सिजन शहाण्णव, आणि प्रत्येक श्वास हुबेहूब आधीच्यासारखा.

"बघा मावशी, याला म्हणतात मशीन! हेच ठेवू."

"मंग जन्मभर यायले याच्याच भरवशावर ठेवायचं काय?"

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "सध्या तरी तसंच दिसतंय. आशा लावून बसू नका."

बाईंचे डोळे भरून आले. यजमानांचा हात धरावा म्हणून त्यांनी चादरीखाली हात घातला आणि दचकून मागे घेतला.

"डॉक्टरसाहेब, हे काय फुगून राहिलं?"

डॉक्टरांनी चादर ओढली. "अगं बाई!" धावत आलेली रीना ओरडलीच.

पाइपाच्या तोंडाला रबरी पिशवी होती, दहापासूनची. आनंदरावांच्या गळ्यातली नळी उघडीच होती, आणि त्यांची छाती संथपणे वरखाली होत होती.