वाढवलेलं दुकान

नथ्थू टांगेवाल्यानं उंबरठ्याबाहेरूनच निरोप सांगितला. नीलकंठराव पनागरला बहिणीकडे तापानं पडले होते. उठवतही नव्हतं.

"भैया बोले हैं, दुकान बढ़ा दो."

शकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या त्या निरोपावर विचारलं, "कितनी?"

नथ्थूनं खांदे उडवले आणि टांगा वळवला.

दीक्षितपुऱ्यात त्यांचं बाशिंगं-मुंडावळ्यांचं दुकान होतं. पहिल्या महायुद्धाचं ते शेवटचं वर्ष. तापाची साथ घरोघर शिरली होती. लग्नं थांबली, त्या साली तुळशीचंसुद्धा कोणी लावलं नाही. गल्लीतली दुकानं एकेक करून बंद पडली. हेही बंद झालं असतं, तर तान्ह्या कुंदाला घेऊन शकूला दिराच्या दारी तुकडे मोडावे लागले असते.

तिनं पाटल्या सराफाकडे ठेवल्या. शेजारची रिकामी खोली घेतली, मधलं दार उघडलं, चुली मांडल्या. अख्खी घरं अंथरुणाला खिळलेली, आणि लढाईपायी तोफगाड्यांच्या कारखान्यात मात्र दुप्पट काम. रांधणार कोण? शकू मऊ भात आणि मुगाचं कढण विकू लागली. बाशिंगांच्या सोनेरी कागदात सुंठीच्या पुड्या बांधू लागली.

नीलकंठराव बरे होऊन परतले, तेव्हा दारात ही गर्दी. त्यांना वाटलं, घरात कोणी गेलं.

"अगं, दुकान बंद कर म्हटलं होतं मी. हे काहून केलंस?"

"तुम्ही वाढव म्हणालात. मी वाढवलं."

पुढे सदर बाजारात त्यांची मोठी खाणावळ झाली. नीलकंठराव ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगत. दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं, ही दुकानदारांची बोली, कारकुनाच्या लेकीला कुठून कळणार? बायकोच्या अडाणीपणावर आपण वर आलो, असं म्हणून ते पोट धरून हसत. शकूही पदराआड हसे.

एकदा बाहेर असंच हसणं चाललं होतं. आत भांडी विसळताना कुंदाच्या हातातली बांगडी तडकली.

"आई, बांगडी फुटली."

"फुटली म्हणू नये," शकू हळूच म्हणाली. "वाढली म्हणावं. तुझ्याएवढी होते, तेव्हाच शिकवलं मला माझ्या आईनं."